लाल बेल्टचा इतिहास: जपानी महिला प्रो-रेसलिंगच्या सर्वोच्च किताबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खलनायिका म्हणून गाजलेली जपानी पैलवान डंप मात्सुमोतो हिच्यावरची मालिका २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आली आणि तेव्हापासून जपानी महिला कुस्तीबद्दल विचारणारे एकदम वाढले. बहुतेकांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. कोणताही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ‘लाल बेल्ट’ म्हणजे नक्की कोणता किताब?

ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग या कंपनीचा सर्वोच्च एकेरी किताब. पूर्ण नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूए वर्ल्ड सिंगल चॅम्पियनशिप. जपानी चाहते कंपनीला लाडाने ‘झेनजो’ म्हणतात, या पानावरही तेच नाव वापरलं आहे. बेल्टच्या लाल रंगावरून ‘आकाई बेल्ट’, म्हणजे लाल बेल्ट, हे नाव पडलं. त्याच्या खालोखालच्या ऑल पॅसिफिक किताबाचा बेल्ट पांढरा होता, म्हणून तो ‘पांढरा बेल्ट’. १९७० पासून २००५ मध्ये कंपनी बंद पडेपर्यंत जपानमधली प्रत्येक मोठी महिला पैलवान एक तर या लाल बेल्टसाठी लढली, नाही तर तो का मिळाला नाही याचं उत्तर देत बसली.

२. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूए म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचीच जुनी शाखा का?

नाही. नावात डब्ल्यू जास्त झाले की गल्लत होतेच, पण हे वर्ल्ड विमेन्स रेसलिंग असोसिएशनचं लघुरूप आहे आणि त्या संघटनेचा डब्ल्यूडब्ल्यूईशी काही संबंध नाही. दोन्हीकडची माणसं मात्र एकमेकांकडे गेली-आली. लाल बेल्टची माजी चॅम्पियन बुल नाकानो हिने २० नोव्हेंबर १९९४ ला टोकियो डोममध्ये अलुंड्रा ब्लेझला हरवून तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफचा महिला किताब घेतला. तो कार्यक्रमही झेनजोचाच होता. २०२४ मध्ये तिचं नाव डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं.

३. या कुस्त्या खऱ्या होत्या की नुरा?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. प्रो-रेसलिंगमध्ये निकाल सहसा आधी ठरलेला असतो, जपानमध्येही तसंच. पण झेनजोपुरतं ‘नुरा कुस्ती’ म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. या कंपनीत, विशेषतः नव्या मुलींच्या लढतींत, शेवट खुला ठेवायची पद्धत होती. ठरावीक डाव खेळून झाले की दोघींनी खरोखर एकमेकींना चीत करून तीन मोजेपर्यंत दाबून धरायचं, जी दाबून धरेल ती जिंकली. त्या काळातल्या पैलवानांनीच हे पुढे उघडपणे सांगितलं आहे. काही मोठ्या लढतीही अशाच झाल्या असं सांगतात.

मार मात्र खराच असतो. एप्रिल १९८७ मध्ये हिसाको उनो नावाच्या मुलीची मान डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूए टॅग किताबाच्या, म्हणजे जोडीने लढायच्या किताबाच्या, लढतीत मोडली. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं सावरून धरलं आणि मॅच पूर्ण केली. हीच मुलगी पुढे आकिरा होकुतो म्हणून गाजली (प्रश्न १३).

४. जपानी बेल्टची सुरुवात अमेरिकेत झाली हे कसं?

मिल्ड्रेड बर्कमुळे. १९३७ पासून ही कॅन्सासची बाई स्वतःला महिलांची जगज्जेती म्हणवत होती आणि ते पटवून देण्याची तिच्या अंगात धमकही होती. नवरा बिली वुल्फ हाच तिचा मॅनेजर आणि अमेरिकेतल्या महिला कुस्तीचा धंदाही त्याच्याच हातात. लग्न मोडलं तेव्हा धंदाही तिच्याविरुद्ध गेला. २० ऑगस्ट १९५४ ला अटलांटात जून बायर्सशी तिची तीनपैकी दोन डावांची लढत झाली. पहिला डाव बायर्सने घेतला, दुसरा पूर्णच झाला नाही. कुस्तीच्या सत्ताधाऱ्यांनी बायर्सला चॅम्पियन मानलं. बर्कचं म्हणणं, दोन डाव गेलेच नाहीत तर मी हरले कशी? तिने स्वतःची संघटना काढली आणि आपला किताब त्या नावाखाली चालू ठेवला. तीच ही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूए.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बर्क आपल्या सहकारी पैलवानांना घेऊन जपानमध्ये कुस्त्या करायला गेली. महिलांची प्रो-रेसलिंग जपानी प्रेक्षकाने मोठ्या प्रमाणावर पाहिली ती तेव्हाच. म्हणजे लाल बेल्टच्या मुळाशीच एक न सुटलेला वाद आहे. मला तरी हे या किताबाला शोभून दिसतं.

५. मग तो जपानकडे आला कधी?

बर्कच्या दौऱ्यानंतर जपानमध्ये महिला कुस्तीच्या कंपन्या निघाल्या आणि मोडल्या. १९६८ मध्ये मात्सुनागा बंधूंनी झेनजो उभी केली आणि ती टिकली. ऑक्टोबर १९७० मध्ये टोकियोत आयको क्योने अमेरिकन चॅम्पियन मेरी व्हॅग्नोनला हरवलं, तिथून हा झेनजोचा किताब झाला. पहिली काही वर्षं ठरलेला साचा होता: बाहेरून अमेरिकन पैलवान यायची, बेल्ट घ्यायची, जपानी मुलगी तो परत मिळवायची. जंबो मियामोतो हे त्या काळातलं मोठं नाव. या टप्प्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं फार नाही. बेल्टला स्वतःची ओळख आली ती १९७५ पासून.

६. सर्वांत लहान वयाची चॅम्पियन कोण?

माख फुमिआके. मार्च १९७५ मध्ये तिने जंबो मियामोतोला हरवलं तेव्हा तिला सोळावं पूर्ण होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. ती गायिका व्हायला निघाली होती आणि टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतूनही गेली होती. उंच, केस मुलासारखे कापलेले. ती रिंगमध्ये गायची आणि मग लढायची. पुढच्याच वर्षी ती निवृत्त झाली, पण मात्सुनागा बंधूंना सूत्र सापडलं होतं: कुस्ती पाहायला पुरुष येतात, पण शाळकरी मुली आल्या तर हॉल पुरत नाही.

७. ब्युटी पेअरमध्ये मोठी कोण, जॅकी सातो की माकी उएदा?

बेल्टच्या हिशोबात जॅकी. दोघीही चॅम्पियन झाल्या आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये जॅकीने बेल्ट माकीकडूनच घेतला. दोघींची जोडी तेव्हा इतकी लोकप्रिय होती की त्यांची गाण्याची रेकॉर्ड गाजत होती आणि हॉल मुलींनी भरत होते. कंपनीने याच जोडीला समोरासमोर उभं केलं. २७ फेब्रुवारी १९७९, निप्पॉन बुडोकान, अट अशी की हरणारीने कुस्ती सोडायची. माकी हरली आणि तिने सोडली.

लोकप्रियतेच्या शिखरावर असलेली जोडी कंपनीने स्वतःच्या हाताने मोडली. आजचा कुठलाही प्रवर्तक याला वेडेपणा म्हणेल. पण झेनजोचं सगळं गणितच वेगळं होतं, त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

८. चॅम्पियन इतक्या लवकर निवृत्त का व्हायच्या? पंचविशीचा नियम खरा होता का?

कागदावर नसेल, पण पाळला जायचा. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलगी दाखल व्हायची आणि पंचविशीच्या आसपास तिने बाहेर पडावं असं मानलं जाई. सोबत तीन बंद्या होत्या: दारू नको, सिगारेट नको, प्रियकर नको. मालकांचा हिशोब सरळ होता. प्रेक्षक शाळकरी मुली, त्यांना आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठी ताई हवी. ताई पंचविशीची झाली की प्रेक्षकही मोठा होऊन निघून जातो, मग नवी ताई, नवा प्रेक्षक.

अन्याय होताच. पण लाल बेल्टला धार आली ती यामुळेच, असं माझं मत आहे. प्रत्येक चॅम्पियनच्या हातात मोजकी वर्षं असायची. बेल्ट दहा वर्षं राखायचा प्रश्नच नव्हता, तो कोणाकडून घेतला आणि जाताना कोणाला दिला एवढंच उरायचं. म्हणून या किताबाचा इतिहास वाचताना दिवस मोजण्यापेक्षा कोणी कोणाकडून घेतला ते पाहावं. जॅकी सातोकडून २५ फेब्रुवारी १९८१ ला बेल्ट घेणारी जॅग्वार योकोता तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

नव्वदीच्या दशकात हा नियम सैल झाला. निवृत्त झालेल्या चिगुसा नागायो, जॅग्वार योकोता वगैरे परत आल्या. जॅग्वार तर साठीनंतरही रिंगमध्ये उतरते.

९. मालिका पाहिली. डंप मात्सुमोतो चॅम्पियन कधी झाली?

लाल बेल्टची कधीच नाही. आणि हे विचारणाऱ्यांना त्याहून मोठा धक्का असतो तो असा, की क्रश गर्ल्स या जोडीचं वेड ऐन भरात होतं त्या १९८४-८५ मध्ये जोडीतल्या चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका यांच्याकडेही लाल बेल्ट नव्हता. तो होता जॅग्वारकडे. तिने १९८५ च्या ऑगस्टमध्ये बुडोकानला लायनेसचं आव्हान परतवलं, मग दुखापतीमुळे बेल्ट सोडला. डिसेंबरमध्ये रिकामा बेल्ट डेव्हिल मासामीने घेतला, पुढे तो युकारी ओमोरीकडे गेला. चिगुसाला तो मिळाला २० ऑक्टोबर १९८७ ला, लाट ओसरायला लागल्यावर. तिच्यानंतर लायनेसला.

मग सगळा देश टीव्हीला डोळे लावून काय पाहत होता? टॅग बेल्टच्या लढती आणि केस. डंप आणि क्रेन यू यांनी फेब्रुवारी १९८५ मध्ये क्रश गर्ल्सकडून टॅग बेल्ट हिसकावले. २८ ऑगस्ट १९८५ ला ओसाकात हरणारीचे केस कापायच्या अटीवर चिगुसा आणि डंप लढल्या. चिगुसा हरली, रिंगमध्येच तिचं डोकं भादरलं आणि हॉलमधल्या मुली हंबरडा फोडून रडल्या. त्या रात्री कोणताही बेल्ट पणाला नव्हता. लोकप्रियता एका वाटेने आणि लाल बेल्ट दुसऱ्या वाटेने, असं दोन-तीन वर्षं चाललं. मला त्यात कंपनीचा शहाणपणा दिसतो. ज्यांना बेल्टची गरज नव्हती त्यांना तो दिला नाही, त्यामुळे त्याचा मान जॅग्वारसारख्या तांत्रिकदृष्ट्या सर्वांत पक्क्या पैलवानाकडे राहिला.

१०. सर्वांत जास्त काळ चॅम्पियन कोण राहिली?

सलग म्हणाल तर बुल नाकानो. ४ जानेवारी १९९० ते २६ नोव्हेंबर १९९२, म्हणजे १,०५७ दिवस. एकूण दिवस धराल तर जॅग्वार योकोता तिच्या पुढे जाते: तिची पहिली कारकीर्द ७ मे १९८३ ला मेक्सिकोच्या ला गॅलॅक्टिकाने संपवली, पण थोड्याच आठवड्यांत तिने बेल्ट परत घेतला आणि १९८५ पर्यंत ठेवला. याद्यांमध्ये वाद होतो तो इथेच, प्रश्न ‘सलग’चा आहे की ‘एकूण’चा हे कोणी सांगत नाही म्हणून.

बुलबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. डंपच्या टोळीतली ही मुलगी, अर्धं डोकं भादरलेली, खलनायिका म्हणूनच वाढलेली. १९८९ मध्ये क्रश गर्ल्स गेल्या आणि त्यांच्या मागोमाग शाळकरी मुलीही गेल्या. रिकाम्या झालेल्या हॉलमध्ये कंपनीने बेल्ट हिच्या कमरेला बांधला. गोंडस ताईची जागा एका राक्षसिणीने घेतली आणि तिच्यासमोर उभी केली ती तिच्याहून भयंकर आजा काँग. १४ नोव्हेंबर १९९० ला योकोहामात दोघी पिंजऱ्यात लढल्या. लढतीच्या शेवटी बुल पिंजऱ्याच्या पार माथ्यावर चढली. खाली आजा उताणी पडलेली. बुलने वर उभं राहून हात जोडले आणि तिथून उडी घेऊन आपली मांडी आजाच्या गळ्यावर टाकली. उंच उभ्या केसांची ती आकृती पिंजऱ्याच्या कडेवर क्षणभर थांबते, ते चित्र चाहत्यांच्या आजही डोळ्यांसमोर असतं. खलनायिका त्या उडीनंतर लोकांची लाडकी झाली. हॉलमध्ये आता पुरुष प्रेक्षक येऊ लागला होता आणि त्याला हेच हवं होतं.

आजाने बेल्ट घेतला तो दोन वर्षांनी, कावासाकीत.

११. १९९५ मध्ये बेल्ट इतक्या वेळा का फिरला?

आजा काँगने तो ८५० दिवस ठेवल्यावर २६ मार्च १९९५ ला योकोहामा अरेनात मानामी तोयोताने तिला हरवलं. मग २७ जूनला परत आजा, ३० ऑगस्टला जेडब्ल्यूपी या दुसऱ्या कंपनीची डायनामाइट कान्साई आणि ४ डिसेंबरला रयोगोकु कोकुगिकानमध्ये पुन्हा तोयोता. वर्षभरात चार वेळा.

आंतरकंपनी लढतींची लाट तेव्हा उतरत होती आणि कंपनी घाईला आली होती, असं मला वाटतं. तोयोताला सलग दीड-दोन वर्षं दिली असती तर बरं झालं असतं. तिच्याइतका वेग आणि दम त्या पिढीत दुसरीकडे नव्हता. डिसेंबर १९९६ मध्ये क्योको इनोउएने तिच्याकडून बेल्ट घेतला आणि स्थिर होऊ पाहत होतं तोवर कंपनीच डळमळली (प्रश्न १४).

१२. लढत बरोबरीत सुटली तर? आणि दुसऱ्या कंपनीची किंवा परदेशी पैलवान जिंकली तर?

बरोबरी झाली तर बेल्ट चॅम्पियनकडेच. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ७ मे १९९५ चं: कोराकुएन हॉलमध्ये तोयोता विरुद्ध क्योको इनोउए, साठ मिनिटांची पूर्ण वेळ आणि निकाल नाही. तासभराची मॅच म्हटल्यावर बहुतेक जण पहिला अर्धा तास पुढे ढकलतात. तसं करू नका. शेवटच्या दहा मिनिटांत दोघींना उभं राहणं का जमत नाही ते सुरुवात पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या कंपनीच्या पैलवानालाही बेल्ट रीतसर मिळायचा, तो घेऊन ती आपल्या कंपनीत परत जायची. कान्साईचं नाव वर आलंच. दुसरं उदाहरण एलएलपीडब्ल्यूच्या शिनोबु कांदोरीचं, १९९८ सालचं. कांदोरी मूळची ज्युदोपटू, १९८४ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलेली, आणि पुढे जपानच्या संसदेतही बसली.

परदेशी चॅम्पियन सत्तरीच्या दशकात अनेक झाल्या. त्यातली लक्षात राहते ती कॅनडाची मॉन्स्टर रिपर, कारण तिने विशीही गाठली नव्हती आणि १९७९ मध्ये जॅकी सातोसारख्या चॅम्पियनला तिने पाडलं. अगदी शेवटच्या काळात, २००४ मध्ये, अमेरिकेची अमेझिंग काँगही चॅम्पियन झाली. हे नाव आजा काँगवरून घेतलेलं आहे, दोघी वेगळ्या.

१३. लाल बेल्ट न मिळालेली सर्वांत मोठी पैलवान कोण?

डंप बाजूला ठेवली तर माझं उत्तर आकिरा होकुतो. मान मोडल्यावर परत आली, पांढरा बेल्ट घेतला, २ एप्रिल १९९३ ला योकोहामा अरेनात कांदोरीशी रक्तबंबाळ लढत देऊन जिंकली आणि १९९४ च्या टोकियो डोममधल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत आजा काँगला हरवलं. त्या वेळी आजाच लाल बेल्टची चॅम्पियन होती. तरी बेल्ट होकुतोच्या कमरेला आला नाही. काहींच्या मते हा कंपनीचा करंटेपणा. मला वाटतं, तिची सगळी कहाणीच ‘हे शरीर आता किती दिवस साथ देईल’ यावर उभी होती. पुढची दोन वर्षं बेल्ट सांभाळायला हवी असलेली ती पैलवान नव्हतीच.

१४. कंपनी बुडाली कशी आणि बेल्टचं काय झालं?

कुस्तीत नाही, कुस्तीबाहेरच्या धंद्यांत बुडाली. मात्सुनागा बंधूंनी तेजीच्या काळात पैसा इतरत्र गुंतवला, तेजीचा फुगा फुटला आणि १९९७ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. क्योको इनोउएसह अनेक जणी बाहेर पडल्या आणि बेल्ट रिकामा झाला. तरीही झेनजो आणखी सात-आठ वर्षं कशीबशी चालली. युमिको होत्तासारख्या जुन्या पैलवानांनी किताबाचा मान राखायचा प्रयत्न केला, पण समोर प्रेक्षक उरला नव्हता. एप्रिल २००५ मध्ये कंपनी बंद झाली. त्यानंतर किताबाचा प्रवासही थांबला. तो दुसऱ्या कोणत्याही कंपनीला दिला गेला नाही.

१५. स्टारडमचा लाल बेल्ट तोच ना?

नाही, पण रंग योगायोगाने जुळलेला नाही. स्टारडम ही कंपनी २०११ मध्ये रिंगमध्ये उतरली. तिच्या संस्थापकांपैकी रॉसी ओगावा हे पूर्वी झेनजोत काम केलेले, आणि पहिली चॅम्पियन नानाए ताकाहाशी हीसुद्धा झेनजोतूनच आलेली. तिथेही वरचा वर्ल्ड ऑफ स्टारडम बेल्ट लाल आणि दुसरा वंडर ऑफ स्टारडम पांढरा. ओगावा २०२४ मध्ये तिथून बाहेर पडले, त्यांनी मेरिगोल्ड काढली आणि तिथेही लाल-पांढऱ्याची जोडी आली. जुलै २०२४ मध्ये रयोगोकुला सारीने ज्युलियाला हरवून मेरिगोल्डचा पहिला लाल बेल्ट घेतला.

म्हणजे आज जपानमध्ये ‘लाल बेल्ट’ म्हटलं की कोणत्या कंपनीचा हे विचारावं लागतं. किताबांची वंशावळ वेगळी, वारसा मात्र उघड आहे. याद्या करताना झेनजोच्या चॅम्पियन आणि स्टारडमच्या चॅम्पियन एका क्रमात लावू नका, एवढी विनंती.

१६. पहिली चॅम्पियन कोणती लिहायची, मिल्ड्रेड बर्क की आयको क्यो?

दोन्ही उत्तरं छापील याद्यांत सापडतात. किताब बर्कने सुरू केला असं मानलं तर पहिली बर्क, आणि मग अटलांटाची अर्धवट लढत (प्रश्न ४) तिच्या बाजूने धरावी लागते. किताब झेनजोचा मानला तर क्यो ही पहिली जपानी चॅम्पियन आणि व्हॅग्नोन तिच्या आधीची. मी यादी करतो तेव्हा बर्कपासून सुरुवात करतो, पण १९७० च्या खाली एक रेघ मारतो. रेघेच्या वरची नावं बर्कच्या दाव्यावर उभी आहेत, खालच्या लढती प्रेक्षकांसमोर, ठरलेल्या तारखांना, एकाच कंपनीच्या नोंदीत झाल्या आहेत. कोणी ‘इतक्याव्या चॅम्पियन’ असा आकडा सांगितला, की तो रेघेच्या वरून मोजलाय की खालून, एवढं आधी विचारून घ्या.